कौमुदी बेहेरेचा दारूगोळा

नाव : बेहेरे, कौमुदी. जन्मस्थान : सांगली, भारत. वास्तव्य : हेर्त्सोगेनआउराख, बायर्न, जर्मनी. हुद्दा : खरेदी अधिकारी, साचे व सुटे भाग. वैवाहिक स्थिती : विवाहित, एक अपत्य. लष्करी सेवा : नाही. भाषा : मराठी, हिंदी, इंग्रजी, जर्मन (पुरेशी), कँटनीज (उगम अस्पष्ट). निरीक्षण : सदर व्यक्ती हाँगकाँगस्थित एका पुरवठादाराच्या नियमित संपर्कात असून उभयतांच्या संभाषणात दारूगोळा, सैनिकांचे धान्य, घोड्यांची कुमक, किनाऱ्यावरील चढाई, तसेच ‘मोहीम’ नामक कारवाईची यशस्वी सांगता असे उल्लेख वारंवार आढळतात. विनोदाचा हेतू सिद्ध झालेला नाही. जोखीम वर्ग : तीन.

हे टिपण करणाऱ्याने पदरचा एकही शब्द घातलेला नव्हता. सगळे उल्लेख संभाषणात खरोखरच होते. कौमुदीने ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिलाही क्षणभर वाटलं, कोण आहे ही बाई, हिला आधी धरा.

प्रत्यक्षात ती बुटांच्या तळव्यांचे साचे विकत घ्यायची. हेर्त्सोगेनआउराख, किंवा गावकरी लाडाने म्हणतात तसं हेर्त्सो, हे गाव एवढंसं आहे. रेल्वेसुद्धा तिथे जात नाही. एर्लांगेनहून बस धरावी लागते. पण जगभरच्या धावणाऱ्यांच्या पायात या गावाचं काहीतरी असतं. मोठमोठ्या कंपन्यांच्या आडोशाला साठ-सत्तर माणसांचे छोटे कारखाने आहेत, कौमुदीचा त्यातलाच एक. नव्या बुटाचा तळवा कसा असावा हे मोठे ठरवत. मग त्याचा ॲल्युमिनियमचा साचा कुणाकडून तरी करून घ्यायचा, बोटं फिरवून, भिंगाखाली धरून तपासायचा आणि मोठ्यांच्या हाती वेळेवर ठेवायचा, हे छोट्यांचं काम. त्यातलं ‘कुणाकडून तरी’ एवढं कौमुदीच्या वाट्याचं.

आता राहिला कँटनीजचा अस्पष्ट उगम. तिला कुणी विचारलं असतं तर तिने चहा गार होण्याच्या आत स्पष्ट केला असता. इंजिनिअर झाल्यावर भोसरीच्या एका साचे बनवणाऱ्या कंपनीत ती लागली. त्या कंपनीने तिला ‘तीन महिन्यांसाठी’ हाँगकाँगला धाडलं. कंपनीचे तीन महिने सहा वर्षं चालले. क्वुन टाँग भागातल्या एका जुन्या औद्योगिक इमारतीत, मालाच्या लिफ्टने वर गेलं की, फोंग यांचा कारखाना होता. भोसरीला लागणारे अवघड साचे तिथे होत आणि ते नीट होताहेत ना, हे पाहायला कौमुदी होती. तिकडे आडनावापुढे ‘सांग’ लावलं की ते आपलं ‘राव’ होतं. म्हणून ते फोंग सांग. सांगलीच्या मुलीला पहिले काही दिवस आपण या वडीलधाऱ्या माणसाला हाक मारतोय की हुकूम सोडतोय तेच कळेना. ‘फोंग, सांग!’ आणि फोंग सांगायचेही. सकाळी दार उघडल्यापासून सांगायचे ते लिफ्टमध्ये शिरेपर्यंत.

ते सांगायचे धंद्याचं, पण कान बंद करून नुसता अर्थ ऐकला तर वाटावं, सेनापती बोलतोय. एका दुपारी कारखान्यातली पोरं एकदम खूश होऊन ओरडली, “छुत-ल्यंग! छुत-ल्यंग!” कौमुदीला वाटलं, एखादा सण असावा. फोंग सांगनी समजावलं, पगार झालाय. शब्दशः म्हणाल तर ‘धान्य वाटलं’. पूर्वी शिपायाला पगार धान्यात मिळे. शिपाई गेले, धान्य राहिलं, आता ते बँकेत जमा होतं. वर्षाअखेरीला बोनस मिळाला की ‘दुप्पट धान्य’. कुणी नोकरी सोडली की त्याने ‘तोफ आपटली’. धंद्यात घालायला पैसा नसला की ‘दारूगोळा संपला’. परदेशात नवं गिऱ्हाईक मिळवायचं म्हणजे ‘किनाऱ्यावर चढाई’. आणि काम अंगाशी आलं, दुसरीकडून माणसं मागवावी लागली, की ‘बान-मा’. घोडे बोलवा.

फोंग सांग स्वतः कुठल्याही सैन्यात नव्हते. गुडघे दुखतात म्हणून दोन पायऱ्यांसाठीसुद्धा लिफ्ट थांबवून धरणारा माणूस तो.

दुसरी कुणी असती तर चकित झाली असती. कौमुदीला माहेरी आल्यासारखं वाटलं. भोसरीत तिचे साहेब जेवायला निघताना रोज म्हणायचे, “खिंड तू लढव, मी आलोच.” कँटीनमधून वडे मागवायचे म्हणजे रसद. लग्नाचा हॉल मिळाला की मोहीम फत्ते, आणि रुखवतावरून झालेलं भांडण मिटलं की तह. पगाराला ‘रोजमुरा’ म्हणणाऱ्या शिपायांचा मुलूख तिचा. एका चहाच्या वेळी तिने फोंग सांगना हे सगळं ऐकवलं. त्यांना ‘मोहीम फत्ते’ फारच आवडलं. अर्थ दोनदा विचारून घेतला, तोंडात घोळवून पाहिलं, आणि त्यानंतर साच्यांची पेटी लिफ्टमध्ये चढली की ते हात झटकून म्हणत, “मो-हिम फा-ते!” पुढे पुढे पेट्या उचलणारा गडीही म्हणू लागला. तो बहुधा समजत होता की ही इंग्रजी आहे.

ते तिला ‘आ-मुई’ म्हणत, म्हणजे धाकटी बहीण. भिंगातून साचा कसा बघायचा, कुठल्या कोपऱ्यात माणूस लबाडी करतो आणि कुठल्या कोपऱ्यात यंत्र, हे तिला कॉलेजने नव्हे, फोंग सांगनी शिकवलं. चूक सापडली की ओरडत नसत. नुसतं म्हणत, “आ-मुई, इथे शत्रू लपलाय. शोध.”

पुढे लग्न झालं, उर्जा झाली, आणि नवरा यशोधन याला हेर्त्सोत नोकरी लागली. कौमुदी मांडीवर लेक आणि मांडीएवढं जर्मन व्याकरण घेऊन मागोमाग आली. अर्ज करत राहिली. उत्तरं सगळी ‘लायडर’ या शब्दाने सुरू व्हायची. म्हणजे ‘खेद आहे’. खेद फार सुबक भाषेत कळवत, हे मान्य करायला हवं. चिनी नववर्षाला तिने शुभेच्छांसाठी फोंग सांगना फोन केला.

“काम करतेस ना?”

“नाही.”

“गाव कुठलं?”

तिने सांगितलं. गावाचं नाव त्यांना उच्चारता येईना. पण पेट्यांवर चिकटवायच्या पत्त्यामुळे ते ओळखीचं निघालं. “ते लांबलचक! तिथल्या ह्युब्नरला मी साचे पाठवतो.” आणि त्याच दिवशी त्यांनी हेर (जर्मनमधलं ‘श्रीयुत’) ह्युब्नर यांना आपल्या इंग्रजीत कळवलं : मी तुम्हाला एक घोडा पाठवतो आहे. चांगला घोडा आहे. माझे साचे ओळखतो. ह्युब्नर यांनी गवताची काही व्यवस्था केली होती की नाही, माहीत नाही. पण कौमुदी येऊन समोर बसल्यावर त्यांनी एक साचा तिच्यापुढे ठेवला, तिने तो उलटा करून कोपऱ्यावर नख फिरवलं, आणि मुलाखत संपली.

आपली खुर्ची कुणाच्या शब्दावर उभी आहे, हे कौमुदी कधी विसरली नाही. रविवारी वरणभात खाताना कधीतरी ती यशोधनला म्हणायची, “माझ्या जर्मन नोकरीचा पाया कँटनीज आहे बरं का.”

यशोधन म्हणायचा, “आणि छप्पर मराठी. गळणारच.”

गळायला लागलं ते गेल्या वर्षी. ह्युब्नर यांचा कारखाना एका मोठ्या समूहाने विकत घेतला. ह्युब्नर व्यवस्थापक म्हणून राहिले, वर मुख्यालय आलं, आणि मुख्यालयाबरोबर एक सॉफ्टवेअर. पुरवठादारांशी होणारं सगळं बोलणं एकाच ठिकाणी व्हावं. तिथे यंत्राने ते ऐकावं, उतरवावं, जर्मनमध्ये आणावं आणि काही वावगं दिसलं तर निर्यात-नियंत्रण विभागाला सांगावं. बेट्रीब्सराटने, म्हणजे कामगारांच्या निवडून आलेल्या मंडळाने, दोन बैठका आणि एका सफरचंदाच्या केकनंतर याला मान्यता दिली.

कौमुदीला चिनी लिपी येत नाही. तिची कँटनीज ही ऐकण्या-बोलण्याची, बाजारची भाषा. त्यामुळे फोंग सांग आवाजी निरोप धाडत आणि तीही आवाजीच उत्तर देई. यंत्र मन लावून ऐकत होतं. आणि एका मंगळवारी पुरवठादारांच्या यादीत फोंग सांगच्या नावापुढे लाल कुलूप दिसलं. श्पेरं. बंदी.

मुख्यालयाच्या निर्यात-नियंत्रण विभागातून फ्राऊ, म्हणजे श्रीमती, ड्रेक्सलर चौकशीला येणार असल्याचं कळलं. फोंग सांगकडे डोंगरवाटेवर धावायच्या बुटांचे साचे तयार होऊन पेटीबंद पडले होते. कुलूप पुढच्या आठवड्याच्या आत निघालं नाही तर ती ऑर्डर रद्द होऊन दुसरीकडे दिली जाणार होती. तेवढ्यानेही कौमुदीची झोप उडाली नसती. ऑर्डरी येतात-जातात. पण त्याच यादीत फोंग सांगच्या नावापुढे ‘संशयित’ हा शेरा कायमचा बसणार होता, आणि ती यादी समूहाच्या झाडून सगळ्या कारखान्यांत दिसे. ज्या माणसाच्या एका शब्दावर आपण इथे बसलो, त्याच्या नावाला आपल्याशी केलेल्या गप्पांमुळे काळं लागणार. आणि ते त्याला कळवायचं तरी कुठल्या तोंडाने?

“म्हणजे नक्की काय काय बोललात तुम्ही?” यशोधनने संध्याकाळी विचारलं.

“नेहमीचंच रे. ते म्हणाले, दारूगोळा संपत आलाय. म्हणजे पैसे. आगाऊ रक्कम हवी होती थोडी.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, पाठवते.”

यशोधनने पोळी खाली ठेवली. “तू दारूगोळा पाठवते म्हणालीस. लेखी.”

“तोंडी. लेखी यंत्राने केलं.”

“अगं, जगातले दोन लढाऊ समाज एका चॅटमध्ये घातलेस तू, आणि मधे दुभाषा म्हणून जर्मन!”

उर्जाला मराठी सगळं कळतं, पण तिचं उत्तर जर्मनमध्येच येतं. तिने मोबाइलमधून डोकं वर काढलं. “मामा, बिस्ट दू येट्स्ट गेनेराल?” आई, तू आता जनरल आहेस का?

“जनरल नाही. खरेदी विभाग.”

“श्लिमर,” उर्जा म्हणाली. म्हणजे, त्याहून वाईट.

फ्राऊ ड्रेक्सलर आल्या त्या बडीशेपेच्या चहाचा थर्मास आणि छापील संभाषणाचा गठ्ठा घेऊन. पन्नाशीच्या, शांत, एकही शब्द वाया न घालवणाऱ्या. कौमुदीने मनात त्यांची एक राक्षसीण करून ठेवली होती, ती पाच मिनिटांत मोडली. बाईंना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. प्रत्येक ओळीपुढे काहीतरी लिहिल्याशिवाय त्यांना घरी जाता येणार नव्हतं, एवढंच.

“‘येत्या अठ्ठावीसला सैनिकांचे धान्य वाटायचे आहे.’”

“पगार.”

“‘घोडे बोलावले आहेत, शनिवारी पोचतील.’”

“जादा कामगार. दोन.”

“‘धाकट्याने तोफ आपटली.’”

“त्यांच्या पुतण्याने नोकरी सोडली. आता केक बनवतो.”

ड्रेक्सलर बाई प्रत्येक उत्तर लिहीत होत्या. “आणि हे? ‘मोहिम फाते.’ यंत्र म्हणतं, भाषा मराठी, अर्थ ‘स्वारीत विजय’. प्रत्येक पेटी निघाली की हे येतं.”

“ते मी शिकवलं त्यांना.”

“स्वारी शिकवलीत?”

“म्हणजे माल निघाला, असं.”

बाजूला बसलेल्या ह्युब्नरना राहवलं नाही. “फ्राऊ ड्रेक्सलर, मी फोंगना वीस वर्षं ओळखतो. बुटांचे साचे आहेत हो. अगदी नुल-आख्त-फ्युन्फत्सेन माल.” शून्य-आठ-पंधरा, म्हणजे जर्मन भाषेत साधासुधा, चारचौघांसारखा.

“हेर ह्युब्नर,” बाई मान वर न करता म्हणाल्या, “तो पहिल्या महायुद्धातल्या मशीनगनचा क्रमांक आहे.”

“माहीत आहे. मी जन्मभर म्हणतोय.”

“म्हणा. पुरवठादारांच्या चॅटवर म्हणू नका.”

तिथे कौमुदीला पहिल्यांदा हायसं वाटलं. या बाईला शब्द कळतात. शेवटचा कागद राहिला होता. तो फोंग सांगचा अगदी अलीकडचा निरोप होता. यंत्राने उतरवलं होतं : ‘या साच्यांनंतर घंटा वाजवून सैन्य मागे घेतो.’

“साउ-बिंग,” कौमुदी हसून म्हणाली. “साउ-गुंग म्हणजे दिवसाचं काम संपलं, सुट्टी. साउ-बिंग हा त्याचाच थाट. पेटी भरली, आता जेवायला जातो, असं.”

“नक्की?”

“गेनाऊ. अगदी.”

बाईंनी ते लिहिलं. कौमुदीने खाली सही केली. आता नियमाप्रमाणे खुद्द पुरवठादाराचं म्हणणं घ्यायचं होतं. न्युर्नबेर्गचा सरकारमान्य कँटनीज दुभाषी पुढच्या महिन्याशिवाय मोकळा नव्हता. ड्रेक्सलर बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “तुम्हीच भाषांतर करा. बोलणं ध्वनिमुद्रित होईल, मी नंतर दुसऱ्याकडून तपासून घेईन. पण कुलूप काढायचं की नाही हे मला आज ठरवावं लागेल, आणि ते तुमच्यावर विसंबून.”

फोंग सांग पडद्यावर आले ते गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा घालून. सरकारी काम आहे असं कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. त्यांच्यामागे कारखाना दिसत होता. कौमुदीला तो मोठा झाल्यासारखा वाटला, का ते लगेच कळेना.

“तुमचा माल कोणत्याही सैन्यदलाला जातो का?” बाईंचा प्रश्न. कौमुदीने तो कँटनीजमध्ये घातला.

फोंग सांग हसले. “सैन्य? माझे शिपाई तीन. त्यातल्या एकाचे गुडघे गेले. तो मीच.”

कौमुदीने जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी ‘नाही’ लिहिलं. असे सहा-सात प्रश्न झाले. गाडी रुळावर होती. मग बाईंनी तिची सही असलेला कागद उचलला. “‘सैन्य मागे घेतो’ म्हणजे त्या दिवसाचं काम संपवणं, असं फ्राऊ बेहेरे म्हणतात. बरोबर?”

कौमुदीने विचारलं. फोंग सांगनी पडद्याजवळ वाकून तिच्याकडे पाहिलं. 

“आ-मुई,” ते सावकाश म्हणाले, “तुला तसं वाटलं? मी साउ-बिंग म्हणालो. साउ-गुंग नव्हे. साउ-गुंग केलेला माणूस उद्या सकाळी परत येतो.”

तेव्हा तिला कळलं कारखाना मोठा का दिसतोय. मागची मोठी मिलिंग मशीन तिथे नव्हती. भिंतीवरची हत्यारंही नव्हती, त्यांच्या जागी फिकट खुणा होत्या.

“वय झालं. इमारतही पाडणार आहेत,” ते सांगत होते. “वर्षापूर्वीच बंद करायचं होतं, पण तुझे डोंगरवाटेचे साचे अवघड होते. दुसऱ्या कुणी तू म्हणतेस तसे केले नसते. म्हटलं, एवढे करून घंटा वाजवू. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, मो-हिम फा-ते. मला बरं वाटलं. म्हटलं, हिला कळलं, आणि निरोप छान दिला.”

ड्रेक्सलर बाई लेखणी धरून थांबल्या होत्या. ह्युब्नर एकदा पडद्याकडे, एकदा कौमुदीकडे पाहत होते.

जन्मभर मोहिमा, खिंडी आणि रसद ऐकत वाढल्याची ही शिक्षा होती. लढाईचे इतके शब्द तिने थट्टेवारी नेले होते की एक खरा आला तेव्हा त्यालाही हसून वाट करून दिली. यंत्राला थट्टा कळत नव्हती, म्हणून त्याला बरोबर कळलं होतं.

आता बाईंना काय सांगायचं? ‘हो, बरोबर आहे’ म्हटलं की कुलूप निघत होतं. तपासणी नंतर कधीतरी झाली असती, तोवर साचे हेर्त्सोत आले असते. खरं सांगितलं तर तिच्या सहीचा कागद खोटा ठरत होता. एक अर्थ चुकला तर धान्य, घोडे, तोफ या बाकीच्यांवर तरी कुणी का विश्वास ठेवावा? पण समोर ज्या माणसाने बटणं लावून आपला कारखाना संपल्याचं सांगितलं होतं, त्याचं ते वाक्य ‘जेवायला जातो’ म्हणून फायलीत घालायचं? मग तिला कोपरा तपासायला शिकवलं होतं ते कशासाठी?

“फ्राऊ ड्रेक्सलर,” ती म्हणाली, “माझं भाषांतर चुकलं. यंत्राचं बरोबर होतं. ते कारखाना कायमचा बंद करताहेत. हे साचे शेवटचे.”

बाईंनी चष्मा काढला. “आणि बाकीचे शब्द?”

“ते मी सांगितले तसेच आहेत. हा एक मला ऐकायचा नव्हता बहुतेक.”



“आल्झो,” म्हणजे ‘तर मग’, बाई म्हणाल्या, यावेळी फायलीकडे न बघता. “त्साप्फेनश्ट्राइश.”

कौमुदीला शब्द नवा होता. बाईंनी समजावला. जुन्या काळी संध्याकाळी छावणीतला माणूस दारूच्या गुत्त्यांतून फिरे आणि पिंपाच्या तोटीवर काठी मारी. म्हणजे पिणं बंद, शिपायांनी आपापल्या जागी जावं. “आमच्या आईने आम्हाला झोपायला पाठवायचं तर हाच शब्द. आणि फोर्खहाइमची आमची बेकरी बंद केली तेव्हा वडिलांनी दारावर एवढंच लिहिलं होतं. खाली ‘आभारी आहोत’. यंत्राने काय केलं असतं त्याचं, कोण जाणे.” त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. “त्यांना सांगा.”

कौमुदीने सांगितलं. फोंग सांगनी कान देऊन ऐकलं. “म्हणजे यांच्याकडेही घंटा आहे?”

“घंटा नाही. पिंप आहे.”

“ते जास्त चांगलं,” फोंग सांग गंभीरपणे म्हणाले.

हे बाईंना जर्मनमध्ये कळवल्यावर त्या हसल्या. मग त्यांनी कौमुदीच्या सहीच्या कागदावरचं उत्तर आडव्या रेघेने खोडलं, खाली नवीन ओळ लिहिली आणि पुन्हा सही घेतली. “आपल्याविरुद्ध जाणारी दुरुस्ती आपणहून करणारा दुभाषी मला फार वर्षांनी भेटला,” त्या म्हणाल्या. “आता घोड्यांवरही विश्वास ठेवायला हरकत नाही.” शेरा असा होता : संदर्भ अलंकारिक, पुरवठादार निर्दोष, व्यवसायाची नियमित समाप्ती. कुलूप दुपारच्या जेवणाआधी निघालं.

पण त्याआधी, बाई कागद आवरत असताना, कौमुदीला पडद्यावरच्या माणसाला काहीतरी म्हणायचं होतं. कँटनीजमध्ये आभाराचे शब्द दोन आहेत. कुणी दार धरलं, मीठ सरकवलं, साचे वेळेत पाठवले, तर ‘म-गोय’. कुणी भेट दिली, जी द्यायला तो बांधलेला नव्हता, तर ‘तो-चे’. सगळी वर्षं ती फोंग सांगना म-गोय म्हणत आली होती, दिवसातून दहा वेळा, धंद्याच्या रीतीने. आता ती म्हणाली, “फोंग सांग, तो-चे.”

“साच्यांचं म-गोय असतं,” ते म्हणाले. “अजून शिकली नाहीस. तो-चे कशाचं?”

“घोडा पाठवलात त्याचं.”

फोंग सांगनी हात झटकले. पेटी लिफ्टमध्ये चढल्यावर झटकत तसेच. “घोडा चांगलाच होता. ह्युब्नरने चारापाणी नीट केलं ना?”

कौमुदीने हे ह्युब्नरना भाषांतर करून सांगितलं नाही. दुभाष्याने गाळलेलं त्या दिवसातलं ते एकमेव वाक्य.

साचे आले. ते तपासायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ तिने घेतला, प्रत्येक कोपऱ्यावर नख फिरवलं. शत्रू कुठेच लपलेला नव्हता. ह्युब्नर येऊन शेजारी उभे राहिले, एक साचा उजेडात धरला आणि म्हणाले, “पास्ट शो.” म्हणजे ‘चालेल’. फ्रांकेन प्रदेशात याहून मोठी स्तुती नाही. लग्नात नवरीलाही एवढीच मिळते. कौमुदीने ते शब्द फोंग सांगना कळवले, आणि त्यांचा खरा भावही समजावला, कारण आता अर्थ सांगताना ती घाई करत नव्हती.

महिन्याभराने निर्यात-नियंत्रण विभागाने प्रकरण बंद करताना मूळ टिपणाला पुरवणी जोडली. ड्रेक्सलर बाई तेव्हा सुट्टीवर होत्या, त्यामुळे भाषा विभागाची होती. सदर व्यक्तीचा कोणत्याही सशस्त्र दलाशी, शस्त्रास्त्रव्यवहाराशी अथवा स्फोटक पदार्थांशी संबंध आढळून आला नाही. तथापि, सदर व्यक्तीच्या संभाषणातील लष्करी शब्दांचे प्रमाण सर्वसाधारण खरेदी अधिकाऱ्यापेक्षा लक्षणीयरीत्या अधिक असल्याने तिला पुढील वर्षभर निरीक्षणाखाली ठेवण्याची शिफारस करण्यात येत आहे.

कौमुदी फटाक्यांना घाबरते. एकतीस डिसेंबरच्या रात्री अख्खं हेर्त्सो फटाके उडवतं, तेव्हा ती कानात कापूस घालून बाथरूममध्ये बसते.